30 सप्टेंबरचा पट

सप्टेंबर संपत येतो तेव्हा मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई कणसावर आलेली असते. हळवा भात कापणीला टेकलेला असतो. दिवाळी अजून लांब असते, वीटभट्टीच्या मुकादमाची उचल घरात यायची असते, त्यामुळे पाड्यावरची माणसं पाड्यावर असतात आणि मुलं शाळेत. या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी हजेरीपटावरची नावं पुन्हा पुन्हा मोजतात. 30 सप्टेंबरला जितकी मुलं नोंदलेली, तितकाच त्या शाळेचा सरकारदरबारी आकार. शिक्षक किती मंजूर होणार, अनुदान कोणत्या टप्प्यातलं मिळणार, आहे ते पद राहणार की ‘अतिरिक्त’ ठरणार, या सगळ्याची उत्तरं त्या एका आकड्यातून निघतात. शाळेच्या भाषेत त्याला पट म्हणतात.

दिवाळी उरकते आणि पाड्याखालच्या रस्त्यावर टेम्पो येऊन थांबतो. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर नवरा-बायको जोडीनं कामाला जाणार, तर धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर हवी. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं एकाच गाडीत चढतात. जानेवारीत वर्गात डोकावलं, तर मस्टरवर नावं असतात आणि समोरच्या पट्ट्या रिकाम्या. सरकारी सूत्राला हा जानेवारी दिसत नाही. तिकडे भट्टीजवळच्या शाळेतही या मुलांसाठी शिक्षक वाढत नाही, कारण 30 सप्टेंबरला ती तिथल्या पटावर नव्हती. वर्षातले पाच-सहा महिने ही मुलं दोन शाळांच्या मधल्या फटीत जगतात.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीला टेकलेले तालुके. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तोवर इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट ठाण्याला जावं लागे. 2011 च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे 83 हजार आणि जव्हारची सुमारे 1 लाख 40 हजार होती. दोन्हीकडे दहापैकी नऊहून अधिक माणसं आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे पेसा कायद्याखालचे. पण कोणताही आकडा सांगत नाही ती गोष्ट इथल्या वस्तीच्या मांडणीत आहे. महसुली गाव कागदावर एक असतं, जमिनीवर त्याचे अनेक पाडे असतात. एक पाडा टेपावर, दुसरा ओहोळापलीकडे, तिसरा जंगलाच्या कडेला. पावसाळ्यात वैतरणा, वाघ, पिंजाळ, गारगाई या नद्यांना मिळणारे ओढे फुगले, की हाकेच्या अंतरावरचा पाडाही परगाव होतो. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दररोज 45.5 कोटी लिटर पाणी देण्याची क्षमता आहे, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. साधनांची वाटणी डोकी मोजून ठरते तेव्हा कमी डोक्यांच्या मुलखाच्या वाट्याला काय येतं, ते इथे शाळेच्याही आधी पाण्यानं शिकवलं आहे.

अशा मुलखात शाळा लहान असणं हा शाळेचा दोष धरता येत नाही. पाड्यावर पंचवीस घरं असतील, तर पहिली ते पाचवीच्या वयाची मुलं पंधरा-वीसच निघणार. गुरुजी कितीही चांगले असोत, बाईंनी घरोघर जाऊन कितीही मुलं गोळा करोत, पाड्याबाहेरून मुलं आणता येत नाहीत. शहरातली शाळा लहान झाली, तर पालकांनी ती सोडली असं बहुधा म्हणता येतं. इथल्या शाळेचा आकार डोंगराने ठरवलेला असतो. शिक्षणाच्या पैशाची सूत्रं या दोन शाळांमध्ये फरक करत नाहीत, आणि मोखाड्याची अडचण नेमकी तिथून सुरू होते.

हा पैसा येतो कसा, हे आधी पाहायला हवं. अमेरिकेत गावोगावी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ असतात. ते स्थानिक मालमत्ता कर गोळा करतात आणि वर राज्याची मदत एखाद्या सूत्रानुसार मिळते. महाराष्ट्रात तसं नाही. 1962 पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत, पण शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. समग्र शिक्षा अभियान आणि पोषण आहार यांत केंद्र व राज्य 60:40 असा वाटा उचलतात. ग्रामपंचायतीकडून थोडीफार डागडुजी होते, उरलेलं लोकवर्गणीवर. मोखाड्यातल्या ग्रामपंचायतीची घरपट्टी ती किती असणार? म्हणजे इथली शाळा जवळजवळ पूर्णपणे वरून येणाऱ्या पैशावर उभी असते, आणि वरचा पैसा सूत्राने येतो. श्रीमंत गावातल्या शाळेला सूत्राची झळ बसली, तर ग्रामपंचायत, कारखाना किंवा माजी विद्यार्थी ती भरून काढतात. इथे ती भरून काढणारं कुणी नसतं.

सूत्रं नेहमी अशी नव्हती. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ आली. तिचा हिशेब शाळेपासून सुरू होत होता: शाळा म्हटली की किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि आवश्यक साहित्य. मुलं बारा आहेत की बावन्न, हा प्रश्न नंतरचा. 2000 च्या सुमारास महाराष्ट्रात वस्तीशाळा निघाल्या. जिथे नियमित शाळा पोहोचत नव्हती, तिथे गावातल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींनी तुटपुंज्या मानधनावर वर्ग चालवले. त्यांना नियमित सेवेत येण्यासाठी 2014 उजाडावं लागलं. सर्व शिक्षा अभियानाचं अनुदानही शाळेला सरसकट मिळे: प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000, उच्च प्राथमिकला 7,000 रुपये, देखभालीचे वेगळे आणि शिक्षकामागे साहित्यासाठी 500. रक्कम फार नव्हती. तरीही त्या मांडणीत एक समज होती, की शाळेचं दार उघडायचा खर्च मुलांच्या संख्येवर अवलंबून नसतो.

2018-19 पासून समग्र शिक्षा आली आणि सगळी छोटी अनुदानं एकत्र होऊन ‘संयुक्त शाळा अनुदान’ झालं. ते पटानुसार मिळतं. सध्याच्या चौकटीत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते.

आता हिशेब मांडून पाहू. दहा मुलांच्या शाळेला मुलामागे 1,000 रुपये पडतात आणि अडीचशे मुलांच्या शाळेला 200. तक्त्यावर नजर टाकणारा अधिकारी म्हणेल, लहान शाळेला तर पाचपट मिळतंय. त्याचा भागाकार बरोबर आहे. पण दहा हजार म्हणजे महिन्याला साधारण 833 रुपये, आणि त्यात विजेचं बिल, खडू-डस्टर, रजिस्टरं, झेरॉक्स, मोबाइलचा डेटा, पावसाळ्यात उडालेलं कौल, गळका नळ, संडासाचं मोडलेलं दार. छप्पर गळायला लागलं, तर खाली किती मुलं बसली आहेत ते पाहून ते कमी-जास्त गळत नाही. मोखाड्याच्या पावसात तर रंगाचं आणि कौलांचं काम दरवर्षीच काढावं लागतं. सिमेंटची गोणी तालुक्याच्या बाजारातून टेपावरच्या पाड्यापर्यंत न्यायचं भाडं सखल भागातल्या शाळेला कधी मोजावं लागत नाही, आणि कोणत्याही तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

टप्प्यांची गंमत वेगळीच. तिसाव्या मुलापर्यंत 10,000, एकतिसावं मूल आलं की 25,000. एका मुलाच्या येण्याजाण्याने शाळेचं वर्षाचं अनुदान अडीचपट होतं किंवा चाळीस टक्क्यांवर उतरतं. एखादं कुटुंब यंदा पावसाळ्यातही भट्टीमालकाच्या शेतावर राहिलं, तर त्याची दोन मुलं पटावरून जातात आणि त्यांच्याबरोबर उरलेल्या मुलांचे पंधरा हजारही.

पोषण आहारातही हाच प्रकार आहे. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि साहित्याचा खर्च मे 2025 पासून 6.78 रुपये, सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम आणि 10.17 रुपये. बारा मुलांच्या शाळेचा हा हिशेब दिवसाला 81 रुपये 36 पैसे होतो. डाळ, तेल, मसाला, भाजी, सरपण किंवा गॅस, सगळं यात. शंभर मुलांची खिचडी एका मोठ्या पातेल्यात शिजते तेव्हा इंधन, तेल, मसाला मुलामागे कमी लागतं. बारा मुलांच्या पातेल्यालाही चूल पेटवावीच लागते. 25 मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, तिचं मानधन महाराष्ट्रात महिन्याला 2,500 रुपये. पाणी लांबून आणणं, तांदूळ निवडणं, भांडी घासणं, सगळं एकटीवर. हजेरी घटली, की दिवसाचा खर्चही त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे 30 सप्टेंबरचा पट शिक्षक ठरवतो आणि जानेवारीची हजेरी डाळ ठरवते. दोन्ही ठिकाणी मोजमाप वेगळं, आणि स्थलांतराच्या मुलखात दोन्हीकडून कमीच हाती येतं.

खरा घोळ शिक्षकांच्या संख्येत आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार असा तक्ता आहे. 60 पर्यंत दोन याचा साधा अर्थ, पट सहा असला तरी दोन. महाराष्ट्रात दरवर्षी पदं ठरवण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. 28 ऑगस्ट 2015 च्या शासन निर्णयाने तिचे निकष ठरले आणि 15 मार्च 2024 च्या निर्णयाने ते बदलले. नव्या निकषांत 20 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला एक नियमित शिक्षक, आणि गरज पडली तर दुसरा निवृत्त शिक्षकांमधून. सहावी-सातवीच्या कमी पटाच्या वर्गांनाही या निकषांची झळ पोहोचली आणि राज्यभर शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. मुख्याध्यापकाच्या पदासाठी 150 चा पट लागतो. पाड्यावरच्या शाळेला तो कुठून असणार? मग वर्गावरचाच एक शिक्षक ‘प्रभारी’ होतो. ऑनलाइन माहिती भरणं, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, आहाराची नोंद, तालुक्याच्या बैठका, हे सगळं करून तो पाच इयत्ता शिकवतो.

एकशिक्षकी शाळा म्हणजे काय, हे तालुक्याला बैठक असलेल्या दिवशी कळतं. शिक्षक सकाळी निघून मोखाड्याला गेला, तर शाळेला कुलूप तरी लागतं किंवा चौथीतली मोठी मुलगी पहिलीच्या मुलांना पाढे म्हणायला लावून बसते. दोन शिक्षक असतात तेव्हा एक बैठकीला जातो आणि एक शाळा सांभाळतो. कायद्याने दोन शिक्षक ठरवले त्यामागे दुपटीने शिकवणं हा हेतू होताच, पण शाळा दररोज उघडी राहणं हाही होता. रोजच्या शिक्षणातला हा फरक कोणत्याही तक्त्यातल्या 12:1 किंवा 20:1 अशा गुणोत्तरात मावत नाही.

पद मंजूर झालं म्हणजे माणूस आला असंही नाही. 27 फेब्रुवारी 2017 च्या बदली धोरणाने ‘अवघड क्षेत्र’ ही वर्गवारी आणली. मोखाड्यासारखे भाग त्यात येतात, आणि अवघड क्षेत्रात ठराविक वर्षं काढलेला शिक्षक बदलीचा हक्कदार होतो. आपल्या जिल्ह्यात परत जाऊ पाहणाऱ्यांच्या आंतरजिल्हा बदल्या वेगळ्या. पेसा क्षेत्रातली शिक्षकपदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरावीत हे धोरण योग्यच. वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला त्याची बोली समजणारा शिक्षक मिळणं याहून मोठी गुंतवणूक नाही. पण आंध्र प्रदेशच्या अनुसूचित क्षेत्रातलं शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये रद्द केल्यानंतर महाराष्ट्रातलीही भरती न्यायालयीन गुंत्यात अडकली. 2024 मध्ये निवड झालेल्या उमेदवारांना मानधनावर नेमायची वेळ आली. त्या काळात पद कागदावर होतं आणि खुर्ची रिकामी.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. शिक्षकाच्या पगारापुरतं सरकारने मोखाड्याचं वेगळेपण केव्हाच मान्य केलं आहे. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला. म्हणजे इथे काम करणं कठीण आहे, त्याची किंमत मोजली पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून शासनदरबारी लेखी आहे. ते माणसाला लागू होतं. त्याच माणसाच्या शाळेच्या खर्चाला, तिच्या छपराला, तिच्या पातेल्याला लागू होत नाही.

पट मोजायची रीतही अलीकडे बदलली आहे. 2022-23 पासून संचमान्यतेसाठी आधार क्रमांक वैध ठरलेलीच मुलं धरायला सुरुवात झाली. बनावट पट रोखायचा हेतू रास्त होता. राज्यात बोगस पटाचा इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण पाड्यावर घरीच बाळंतपण झालेलं, जन्मनोंद उशिरा झालेली, नाव ग्रामपंचायतीत एक आणि शाळेत दुसरं लिहिलेलं. अशा मुलाचं आधार जुळत नाही, आणि जुळेपर्यंत ते वर्गात बसलं, वाचलं, गणितं सोडवली, तरी संचमान्यतेच्या लेखी नसतं. दुरुस्तीसाठी पालकांनी केंद्रावर जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीचं भाडं भरायचं, आणि नेटवर्क नाही म्हणून परत यायचं. सूत्र आता मुलं मोजत नाही, जुळलेले क्रमांक मोजतं.

या साऱ्याचा शेवट कुठे होतो ते राज्याने दोनदा पाहिलं. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला. मग 21 सप्टेंबर 2023 ला शिक्षण आयुक्तालयाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ हे नमुने म्हणून पुढे ठेवले गेले. तेव्हा राज्यात अशा शाळा 14,783 होत्या, त्यांत 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं.

सरकारची बाजू पोकळ नाही. सहा मुलांमागे एक शिक्षक हा खर्च कोणत्याही अर्थखात्याला टोचणार. शिवाय पाच इयत्तांत मिळून नऊ मुलं असतील, तर दुसरीतल्या एकट्या मुलीला वर्गात सोबती नसते, स्पर्धा नसते, भांडायलाही कुणी नसतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही हे मांडलं: 2016-17 मध्ये देशात 1,08,017 एकशिक्षकी शाळा होत्या, आणि लहान एकट्या पडलेल्या शाळांना ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडाशिक्षक परवडत नाहीत. हे सगळं खरं. पण वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. 14,783 शाळांना 29,707 शिक्षक म्हणजे शाळेमागे दोन. ही चैन नाही, तो कायद्याच्या तक्त्यातला किमान आकडा आहे.

आणि अंतर? महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी. संगणकाच्या नकाशावर एक किलोमीटर ही सरळ रेघ असते. सहा वर्षांच्या मुलीसाठी तो उतार, ओहोळ, मग चढ असतो, आणि जुलैत ओहोळाला कमरेइतकं पाणी असतं. शाळा लांब गेली तर वाहतूक भत्ता देण्याची तरतूद समग्र शिक्षेत आहे, मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत. शाळेचे दिवस दोनशे धरले, तर दिवसाला 30 रुपये. शहराजवळ या पैशांत रिक्षा मिळेल. ज्या पाड्यापर्यंत जीप फक्त उन्हाळ्यात पोहोचते, तिथल्या चार मुलांचे एकशेवीस रुपये घेऊन कोणता गाडीवाला रोज दोन खेपा करेल?

जायला गाडी नसली, की मोखाड्यात दोन वाटा उरतात: आश्रमशाळा किंवा घर. आदिवासी विकास विभागाच्या जव्हार प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांनी इथल्या कित्येक पिढ्या शिकवल्या, त्यांचं काम मोठं आहे. निवास, जेवण, कपडे मिळतात म्हणून आईबाप भट्टीवर जाताना मुलांना तिथे ठेवतात. पण पहिलीतलं, दुसरीतलं मूल आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणं ही निवड पाड्यावरची शाळा चालू असताना वेगळी असते आणि बंद झाल्यावर वेगळी. शिवाय आश्रमशाळेत गेलेलं प्रत्येक मूल पाड्यावरच्या शाळेचा पट कमी करतं आणि तिला वीसच्या रेषेकडे ढकलतं. दोन्ही शाळा सरकारच्याच, फक्त खाती वेगळी.

जगात इतरांनीही हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रेयर आणि रॉबर्ट हेग यांनी 1923 मध्ये न्यूयॉर्क राज्यासाठी पायाभूत मदतीचं सूत्र मांडलं, आणि तिथल्या अनेक राज्यांची सूत्रं त्यातून निघाली. पुढे लक्षात आलं, की मुलामागे समान पैसा दिला तर विरळ वस्तीची शाळा मागे पडते. मिनेसोटासारखं राज्य म्हणून विरळपणासाठी वेगळी रक्कम देतं. इंग्लंडच्या 2018-19 पासूनच्या राष्ट्रीय सूत्रात प्रत्येक शाळेला पटाशी संबंध नसलेली एक ठोक रक्कम मिळते, आणि दूरच्या लहान शाळेला विरळपणाची भर. पटाला सर्वस्व मानणं अपरिहार्य नाही, एवढं यातून दिसतं.

पण इंग्लंडपर्यंत जायचं तरी कशाला? आपल्याच पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राचा करवाटा राज्यांत वाटताना लोकसंख्येला 15 टक्के वजन दिलं, क्षेत्रफळालाही 15 टक्के, वनांना 10 टक्के, आणि राज्याच्या गरिबीच्या अंतराला तब्बल 45 टक्के. म्हणजे दिल्लीहून मुंबईला पैसा निघतो तेव्हा जंगल, पसारा आणि दारिद्र्य मोजलं जातं. त्यातला जो पैसा पुढे शाळेच्या दारी पोहोचतो, त्याच्या सूत्रात या तिन्हींतलं काही उरलेलं नसतं. मोखाड्यात जंगल आहे, पसारा आहे, दारिद्र्यही आहे. मधल्या प्रवासात ते कुठल्या तरी कार्यालयात गळून पडतात.

या जिल्ह्याला मुलाच्या मागे शाळा नेण्याची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. वाड्याजवळ सोनाळ्याहून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ने लहान शाळा आणि अंगणवाड्यांमधल्या शिकवण्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसणं ही नुसती अडचण नसते. नीट तयार झालेला शिक्षक असेल, तर तिसरीतला मुलगा पहिलीतल्या बहिणीला वाचायला शिकवताना स्वतःही पक्का होतो. त्यासाठी बहुवर्ग अध्यापनाचं खास प्रशिक्षण आणि साहित्य लागतं, आणि त्याला पैसा लागतो, जो पटावर मोजता येत नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं फार थोडं खर्चिक आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांना पट न पाहता एक पायाभूत अनुदान द्यावं आणि त्यावर पटाची भर. टप्प्यांच्या कड्यांऐवजी मुलागणिक हळूहळू वाढणारी रक्कम ठेवावी, म्हणजे एकतिसाव्या मुलावर अडीचपटीचा जुगार राहणार नाही. स्थलांतराच्या तालुक्यांत वर्षातून दोनदा मोजावं, सप्टेंबरमध्ये आणि जानेवारीत, आणि जानेवारीत जिथे मुलं असतील तिथे त्यांचा पैसा आणि शिक्षक जावा. आजही स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलं जातं आणि गावातच आजीआजोबांकडे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. कार्ड मुलाबरोबर भिवंडीला जातं, त्याच्या वाट्याचं अनुदान मोखाड्यातच राहतं. शाळा एकत्र करायच्याच असतील, तर पाऊस पडत असताना ती वाट अधिकाऱ्यांनी एकदा पायी चालून पाहावी आणि ग्रामसभेचा ठराव घ्यावा. पेसाखाली ग्रामसभेला मान आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि शिक्षणावर खर्च करायला त्यात वाव आहे. तो पैसा शाळेच्या छपरापर्यंत न्यायचा, तर ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि गुरुजी यांनी एकत्र बसायला हवं. एका शिक्षकाच्या शाळेत तेवढा वेळ काढणंही कठीण, हेही खरं.

पाऊस तोंडावर आला की भट्ट्या थंडावतात. टेम्पो उलट्या दिशेने घाट चढू लागतात. भांडी, गोधड्या, उन्हाने रापलेली पोरं. तोवर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागून गेलेली असते. जूनच्या मध्याला दार उघडतं. गुरुजी आधी कौलं तपासतात, मग हातात वही घेऊन पाड्यावर फिरतात: कोण परतलं, कोण नाही, कोणाला आश्रमशाळेत घातलं, कोणाचं आधार अजून जुळलेलं नाही. वहीत नावं लिहून होतात. बेरीज एकोणीस येते. 30 सप्टेंबरला अजून साडेतीन महिने असतात, आणि ओढ्यापलीकडच्या एका घरी पुन्हा जायचं राहिलेलं असतं.